पाडकामाच्या परवानगीआधी गिरणीतले कागद बाहेर काढा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. अध्यक्ष व सदस्य, मुंबई वारसा संवर्धन समिती

विषय : बंद गिरण्यांच्या इमारती पाडून कार्यालयं बांधण्याचे प्रस्ताव

सप्रेम नमस्कार,

लालबाग-परळ पट्ट्यातल्या एका बंद गिरणीचं साचाखातं (म्हणजे मागांचं, विणकामाचं खातं), त्याला लागून असलेली कार्यालयाची जुनी इमारत आणि चिमणी पाडून तिथे ऑफिसांचा टॉवर उभा करायचा प्रस्ताव तुमच्याकडे आला आहे. गिरणीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते तुमच्या फायलीवर आहे, आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते त्या एका गिरणीपुरतं नाही. आज ही आहे, उद्या दुसरी असेल. उभ्या इमारती आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, म्हणून घाईने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे हे पत्र 'विकासविरोधी' असा शेरा मारून बाजूला ठेवता येणार नाही. ऑफिसं नकोत असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः लोअर परळला अशाच एका काचेच्या इमारतीत हिशेब खात्यात नोकरी करते. तिथेही पूर्वी गिरणी होती. एसी आहे, लिफ्ट आहे, पगार महिन्याच्या महिन्याला होतो. माझे वडील साचेवाले होते. या तिन्हींतलं फक्त शेवटचं त्यांना मिळायचं, तेही जानेवारी १९८२ पर्यंत. तेव्हा गिरणी म्हणजे काही सोन्याचे दिवस होते, असा आव मी आणणार नाही. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून खात्यात पाण्याचे फवारे चालू आणि खिडक्या बंद. त्या दमट हवेत कापसाची धूळ. छातीचा तो खोकला आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर होता. शेकडो मागांच्या खडखडाटात माणसं ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखायची. बाबा घरी आले तरी बोलायचे ओरडूनच, आणि आई त्यांना म्हणायची, अहो, आता पाळी सुटली.

तर पाडू नका म्हणून गळा काढायला मी आलेले नाही. पाडायच्या आधी काय करायचं, याबद्दल तुमच्या नियमांत एक भलं मोठं भोक आहे, ते दाखवायला आले आहे.

गिरणीच्या फाटकाला लागून टाइम ऑफिस असायचं. कामगार आत शिरताना आपला पितळी बिल्ला दाखवायचा, टाइमकीपर मस्टरवर हजेरी लावायचा. लिव्ह रजिस्टर, पगाराच्या पावत्यांच्या स्थळप्रती, भविष्य निर्वाह निधीच्या याद्या, ग्रॅच्युइटीचे हिशेब, बदली (म्हणजे कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी घेतलेल्या) कामगारांची वेगळी वही, असा सगळा पसारा याच इमारतीत, लोखंडी कपाटांत आणि माळ्यावर. गिरणी बंद पडली तेव्हा यंत्रं भंगारात गेली, कारण भंगाराला भाव होता. कागदाला भाव नव्हता. म्हणून बऱ्याच ठिकाणी कागद तिथेच राहिला, आणि इमारत पाडायची वेळ येते तेव्हा तो किलोवर जातो.

मागच्या वर्षी आमच्याकडच्या रद्दीच्या दुकानात असंच एक मस्टर मी उघडून पाहिलं. जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड, कडा कसरीने खाल्लेल्या. डावीकडे तिकीट नंबर, मग नाव, मग खातं, पुढे एक ते एकतीस तारखांचे रकाने. हजर असेल त्या दिवशी उभी रेघ, खाडा असेल तर लाल गोल. शेवटी रक्कम, आणि तिच्यापुढे सही किंवा निळ्या शाईतला अंगठा. सवयीने मी १९८२ च्या जानेवारीचं पान शोधलं. शनिवार १६ तारखेपर्यंत रेघा, रविवारची सुट्टी, आणि सोमवार १८ पासून पानाच्या टोकापर्यंत सगळे रकाने कोरे. पुढचं पान उलटलं तर तेही तसंच. गिरणी कामगारांच्या त्या संपावर कितीतरी लिहिलं-बोललं गेलं आहे. सुमारे अडीच लाख माणसं एका सोमवारी कामावर गेली नाहीत, हे इतकं सरळ मी कुठेच वाचलं नव्हतं. दुकानदाराने वही मला द्यायला नकार दिला नाही, फक्त म्हणाला, 'ताई, एकच नेऊन काय करणार? टेम्पोभर होत्या.'

हे केवळ आठवणींचं प्रकरण असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. या वह्यांवर आजही माणसांची घरं अडली आहेत. गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत पात्र ठरायचं तर १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगार गिरणीच्या पटावर होता, याचा पुरावा द्यावा लागतो. ओळखपत्र, तिकीट नंबरचा पास, लाल पास, हजेरीपत्रक, रजेची नोंद, भविष्य निर्वाह निधीचा किंवा ईएसआयसीचा क्रमांक, पगाराची पावती, असलं काहीतरी. २०१२ पासून म्हाडाच्या सोडती निघताहेत. दीड लाखांहून जास्त अर्ज आले आणि त्यांतल्या थोड्यांनाच आतापर्यंत किल्ल्या मिळाल्या. बाकीच्यांना मुंबईबाहेर शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला जातो, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

आता कागद जपून ठेवणारे कोण होते याचा विचार करा. संपात माणसं गावी गेली. कुणी कोकणात, कुणी घाटावर. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहत होती, तिथे लाल पास चाळीस वर्षं कुठे ठेवायचा? पावसात भिजला, उंदराने खाल्ला, धाकट्या भावाने खोली विकली तेव्हा ट्रंकेसकट गेला. आमच्या मजल्यावरचे एक काका ब्लो रूममध्ये, म्हणजे कापूस मोकळा करायच्या खात्यात, बदली होते. त्यांच्याकडे बिल्ला आहे. पितळेचा, नंबर कोरलेला, चिंचेने घासून लख्ख ठेवलेला. पण तो नंबर त्यांचाच, हे सांगणारी वही त्यांच्याकडे कशी असेल? ती टाइम ऑफिसात. टाइम ऑफिस कुलपात. आणि कुलपासकट इमारत पाडायचा अर्ज तुमच्या टेबलावर.

शिवाय नावांची भानगड. जॉबरने, म्हणजे मुकादमाने, भरती करताना जे तोंडाला आलं ते लिहिलं. मस्टरवर 'गेनू रामा', आधार कार्डावर 'ज्ञानेश्वर रामचंद्र'. खातं, तिकीट नंबर, गावाचं नाव आणि अंगठा एकत्र पाहिल्याशिवाय ही दोन माणसं एकच आहेत हे सिद्ध होत नाही. बायकांचं आणखी अवघड. वाइंडिंगमध्ये (धागा गुंडाळायच्या खात्यात) काम करणाऱ्या बाईचं नाव कधी माहेरचं, कधी सासरचं, आणि तिचा वारस आज तिसऱ्याच आडनावाचा.

'आत कागद आहेत कशावरून?' असं तुमचे अधिकारी विचारतील. रास्त प्रश्न आहे. आत जाऊन पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, आणि आत जाऊन पाहा असं कुणी कुणाला सांगितलेलंच नाही, हेच तर माझं म्हणणं आहे.

कायद्यात शोधलं तर काही हाती लागत नाही. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या आठ वर्षं जपायच्या. मी याच धंद्यात आहे, हे कलम मला झोपेतही म्हणता येईल. १९८२ चं मस्टर जपायची सक्ती त्यातून निघत नाही. सार्वजनिक अभिलेखांचे कायदे सरकार आणि सरकारी उपक्रमांसाठी. खासगी गिरणीचा मालक त्यांत सापडत नाही. म्हणजे रद्दीवाल्याला वह्या विकणाऱ्याने कायदा मोडला, असंही म्हणता येत नाही.

उरतं एकच दार, आणि त्याची किल्ली महापालिकेकडे आहे. बांधकामाला आयओडी, म्हणजे पहिली सशर्त मंजुरी, देताना तुम्ही केवढी अटींची जंत्री लावता! डास होऊ नयेत म्हणून कीटकनाशक खात्याचं पत्र. झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. राडारोडा कुठे टाकणार, त्याचा आराखडा. धूळ उडू नये म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपासून उंच पत्रे लावायचे, पाडकाम चारही बाजूंनी झाकायचं, पाणी मारत राहायचं. या सगळ्या अटी योग्यच आहेत; साचाखात्याची धूळ आमच्याच नाकात जाणार आहे. पण पाहा, डासाला दाखला आहे, झाडाला आहे, डेब्रिसला आहे. अडीच लाख माणसांच्या नोकरीच्या पुराव्याला कुणाचाच 'ना हरकत' लागत नाही.

ही एक अट घाला. बंद गिरणीची कुठलीही इमारत पाडायची परवानगी देण्याआधी आतल्या कागदपत्रांचा पंचनामा झाला पाहिजे. कामगार आयुक्तालयाचा माणूस, पुराभिलेख संचालनालयाचा माणूस आणि कामगारांच्या बाजूचं कुणीतरी, असे तिघे आत जातील. सापडेल ते मोजून, यादी करून बाहेर काढायचं. नोकरीच्या नोंदी असतील त्या स्कॅन करून पात्रता तपासणाऱ्यांकडे, मूळ वह्या पुराभिलेखागारात. राज्याचं हे दफ्तर फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, कंपनी सरकारच्या काळापासूनचे कागद तिथे सांभाळलेत. गिरणगावाचे सांभाळता येणार नाहीत असं नाही. खर्च विकासकाने करायचा. टॉवरच्या लॉबीला जो संगमरवर लागणार आहे, त्याच्या घडणावळीतही हा खर्च दिसणार नाही.

विकासकाने का करायचा, असं कुणी म्हणेल, त्याला या जमिनीचा इतिहास आठवून द्यायला हवा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने तर या जमिनींचा तुकड्यातुकड्यांनी नव्हे, एकत्रित विचार करा असं सुचवलं होतं. ते कागदावरच राहिलं. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची ठरली. ज्या जमिनीवर बांधकाम उभं आहे, ती वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कामगार आणि शहराच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा बदल कायम ठेवला. सुमारे सहाशे एकर जमिनीचं गणित त्या दिवशी फिरलं.

निकाल लागला, तो मान्य. पण त्याचा अर्थ नीट पाहा. साचाखातं उभं होतं म्हणून त्याच्याखालची जमीन मालकाकडे राहिली. बागेला गेली नाही, घरांना गेली नाही. आता तीच शेड 'जीर्ण व निरुपयोगी' म्हणून पाडायची आणि त्या जमिनीवर टॉवर चढवायचा. ज्या भिंतींनी एवढं मिळवून दिलं, त्यांच्या आतल्या वह्या टेम्पोऐवजी गोणीत भरून फोर्टात पोचवा, एवढंच मागणं आहे. हे जास्त वाटत असेल तर मला हिशेब येत नाही असं समजा.

आता वारसा समितीच्या सदस्यांसाठी थोडं. तुमच्यासमोर हा विषय आला तर नेहमीचा शेरा ठरलेला असतो: इमारतीला विशेष वास्तुकलामूल्य नाही. कमानी नाहीत, कोरीवकाम नाही, कुणा नामवंत वास्तुविशारदाची सही नाही. खरंच नाही. साचाखातं हे कारखान्याच्या इंजिनिअरने काढलेलं बांधकाम. माग जड आणि हादरे देणारे, म्हणून विणकाम तळमजल्यावर, आणि इमारत बसकी व लांबरुंद. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला. वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे आत ऊन पडत नाही पण उजेड दिवसभर एकसारखा राहतो. तुटलेला धागा दिसला पाहिजे आणि खातं तापता कामा नये, यासाठीचा हा सगळा खटाटोप. भार ओतीव लोखंडाच्या खांबांवर. त्यांतले काही पोकळ असतात, पन्हळीतलं पावसाचं पाणी त्यांच्या पोटातून जमिनीखालच्या गटारात उतरतं. आमच्या ऑफिसात भर दुपारी पडदे ओढून दिवे लावून आम्ही बसतो, आणि वर त्या इमारतीला 'हरित' म्हणून प्रमाणपत्र मिळालेलं आहे. तेव्हा वास्तुकलामूल्य म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न माझ्यासारख्या बिगरतज्ज्ञ बाईला पडतो.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली, १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत, १८६१ ते १८६५, इथून कापूस परदेशी गेला आणि पैशाचा पूर आला. ओव्हल मैदानाच्या कडेचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद कापसाचेच व्यापारी. तो सगळा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आपण पेढे वाटले. छानच झालं. पण कापसाच्या पैशातून बांधलेल्या इमारती वारसा, आणि कापसावर प्रत्यक्ष राबलेल्या इमारती मात्र अडगळ, ही यादी काही मला पटत नाही. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा वर्षाला एक दिवस असा सहा दिवस संप केला तो याच खात्यांतल्या माणसांनी. रविवारची सुट्टी आज माझ्या एचआरला स्वयंभू वाटते. ती १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मिळाली ती याच खात्यांत.

सगळंच वाचवा असं मी म्हणणार नाही, कारण 'वाचवलेल्या' गिरण्यांचं काय होतं तेही डोळ्यांसमोर आहे. शेडमध्ये हॉटेल, हॉटेलवर गच्चीतलं दुसरं हॉटेल, जिन्यात सामान, छपराला ताडपत्री. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारात आग लागली आणि १४ जण गेले. जुन्या विटांची भिंत मागे ठेवून फोटो काढायची सोय म्हणजे वारसा नव्हे. त्यापेक्षा मोकळेपणाने पाडलेलं परवडलं.

मग मागायचं तरी काय? चिमणी ठेवा. तिला जागा लागते एका खोलीएवढी, आणि कुठल्याही टॉवरच्या मोकळ्या जागेत ती बसते. फिनिक्स मिलच्या आवारात राहिलीच आहे की. साचाखात्याचे रस्त्याकडेचे दोन-चार गाळे, त्यांच्या दात्यांसकट, ठेवा, आणि ते आतल्या लॉबीला जोडू नका, फूटपाथवर उघडे करा. तिथे वाचनालय काढा, अभ्यासिका काढा, आमच्या भागातल्या पोरांना परीक्षांना बसायला जागा नाही. आणि बाकीचं पाडण्याआधी त्याची मोजमापं घेऊन नकाशे काढा, प्रत्येक जोडाचे फोटो घ्या. जेजे वास्तुकला महाविद्यालयाच्या मुलांना द्या हे काम, ती आनंदाने करतील. मालकाचं चटईक्षेत्र बुडतं म्हणाल, तर वारसा वास्तूच्या मालकाला न वापरलेलं चटईक्षेत्र टीडीआर म्हणून दुसरीकडे विकता यावं, ही सोय तुमच्याच नियमावलीत आहे. ती मलबार हिलच्या बंगल्याला चालते, मग डिलाईल रोडच्या शेडला का नको?

धोकादायक इमारतीचा मुद्दा निघेलच. महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस, स्ट्रक्चरल ऑडिट, सी-१ (म्हणजे सर्वांत धोकादायक) वर्ग, मग तातडीने पाडकाम. इमारत खरोखर पडायला आली असेल तर माणसांचा जीव पहिला, त्यात वाद नाही. पण छपराचे पत्रे आणि काचा काढून नेल्या, दोन-तीन पावसाळे आत पाणी साचू दिलं, मग ऑडिट केलं, तर सी-१ शिवाय दुसरं काय निघणार? ऑडिटच्या अहवालासोबत मागच्या पाच वर्षांत देखभालीवर काय केलं त्याची बिलंही मागवा. आमच्या खात्यात बिलाशिवाय चहाचेसुद्धा पैसे देत नाहीत.

आणि एक सहज दिसणारी गोष्ट, जी नकाशावर कुणी मांडत नाही. गिरणीत माणसं तीन पाळ्यांत यायची, बहुतेक पायी, दहा मिनिटांवरच्या चाळीतून. टॉवरमध्ये तितकीच किंवा जास्त माणसं साडेनऊ ते साडेदहा या एकाच तासात येतात, विरार-कल्याण-पनवेलहून, रेल्वेने. स्टेशनं मात्र गिरण्यांच्या जमान्यातली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली, तेव्हा मी त्या पुलापासून लांब नव्हते, एवढंच लिहिते. त्यानंतर लष्कराने येऊन पूल बांधून दिला. नव्या टॉवरला परवानगी देताना करी रोडच्या जिन्यावर सकाळी आणखी किती माणसं येणार, याचा आकडा कुणी मागितला आहे का, तो आम्हाला वाचायला मिळेल का?

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या २-३ क्रमांकाच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं काम महापालिकेनेच हाती घेतलं आहे. त्यात माग असतील, पुतळे असतील, कारंजं असेल. मस्टर असेल का? असेल तर ते कुठून आणणार? रद्दीच्या दुकानात आता गेलात तर मिळणार नाही, मी विचारून आले आहे. ते अशाच कुलपाआडच्या एखाद्या कपाटात असेल, आणि ज्या कपाटांचा निर्णय पुढच्या काही महिन्यांत तुमच्या सहीने होणार आहे, त्यांत शोधलं तर कदाचित काकांचा नंबरही सापडेल.

तेव्हा विनंती अशी : या गिरणीच्या प्रस्तावावर सही करण्याआधी आतली पाहणी लावा, आणि ती अट परिपत्रक काढून सगळ्याच बंद गिरण्यांना लागू करा. एफ दक्षिण, जी दक्षिण आणि ई या तीन विभागांच्या सहायक आयुक्तांना उरलेल्या इमारतींची यादी करायला सांगितलं तर आठवड्यात होईल. सगळ्या त्यांच्या रोजच्या रस्त्यावर आहेत. वारसा समितीने आपल्या अभिप्रायात कागदांचा उल्लेख केला तर आयुक्तांना अट घालणं सोपं जाईल, आणि समितीला त्यासाठी इमारत वारसा श्रेणीत आहे की नाही याची वाट पाहायची गरज नाही.

मस्टर वाचायला माणसं लागतील. ते अक्षर, त्या खुणा, कोणत्या खात्याला कोणतं लघुरूप, हे आजच्या मुलांना लागणार नाही. टाइम ऑफिसात उभी हयात काढलेले दोन म्हातारे आमच्याच चाळीत आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, चष्मा लावून बारीक अक्षर वाचतात, आणि त्यांना विचारून घेतलं आहे, यायला तयार आहेत. पाहणीचा दिवस ठरला की फक्त सकाळची वेळ द्या. दुपारी दोघे झोपतात, आणि झोपमोड झाली तर समोर आयुक्त आहेत की मुकादम, याने त्यांना फरक पडत नाही.

आपली,
लालबागच्या एका चाळीतली रहिवासी